कमावत्या विद्यार्थ्याचा आठवडा

जानेवारीचा मधला आठवडा सोलापुरातल्या कॉलेजच्या मुलामुलींना उसंत देत नाही. १२ तारखेला युवक दिनाचे कार्यक्रम असतात. १९३१ साली याच तारखेला येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांना अभिवादन करायलाही शहर त्याच दिवशी जमते. लगोलग गड्ड्याची यात्रा येते. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, होम मैदानावर पाळणे आणि दुकाने गजबजतात. कॉलेजात नव्या सत्राची सुरुवात झालेली असते, स्नेहसंमेलनाच्या तालमी चाललेल्या असतात, कुणाचे एनएसएसचे शिबिर तोंडावर आलेले असते. याच आठवड्यात शेकडो विद्यार्थी कामाला उभे असतात. कुणी यात्रेतल्या दुकानात, कुणी पाळण्याच्या तिकिटाला, कुणी संक्रांतीच्या गर्दीमुळे रात्री उशिरापर्यंत उघड्या असलेल्या कापडदुकानात. मित्रांचा घोळका, वर्ग आणि मजुरी या तिन्हींनी भरलेला हा आठवडा कॉलेजच्या दफ्तरात मात्र एकाच शब्दात नोंदला जातो: गैरहजर. त्या शब्दात किती माहिती गळून पडते, याचा विचार आपण फारसा करत नाही. सोलापूरसारख्या शहरात काम करत शिकणे इतके सर्रास आहे की अपवाद म्हणून ते बाजूला सारता येणार नाही. विद्यापीठ आणि महाविद्यालये विद्यार्थ्याच्या कामाचे तास जोवर आपल्या हिशेबात धरत नाहीत, तोवर त्यांचे वेळापत्रक, हजेरी आणि श्रेयांक ज्याच्या घरी दुसरा कुणी कमावतो त्याच्याच सोयीचे राहतील, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे शहर घडले कसे, ते आधी पाहू. १८७७ मध्ये इथे पहिली कापडगिरणी चालू झाली, तीच पुढे ‘जुनी मिल’. तिच्या मागोमाग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या आणि भोंग्याच्या वेळेवर शहराचा दिवस चालू लागला. जुनी मिल साठच्या दशकात बंद पडली, बाकीच्याही एकेक करून थांबल्या. गिरणीबरोबर गेली ती ठरलेली पाळी, ठरलेला पगार आणि एकट्या बापाच्या कमाईवर घर चालण्याची शक्यता. उरले ते पूर्वभागातले यंत्रमाग, चादर आणि टॉवेलचे छोटे कारखाने, शिलाईचे आणि गणवेशाचे धंदे आणि घराघरात पोचलेला विडीचा धंदा. हे सगळे उद्योग घराच्या उंबऱ्याला लागून चालतात. माग घरात असेल तर शाळेतून आलेला मुलगा कांड्या भरतो, आई विड्या वळत असेल तर मुलगी पाने कापायला बसते. अशा घरातून कॉलेजात आलेल्या विद्यार्थ्यासाठी काम ही नव्याने धरलेली गोष्ट नसते. तो लहानपणापासून घरच्या कामात वाटेकरी असतोच. कॉलेजात गेल्यावर फक्त कामाची जागा बदलते. मेडिकल, मोबाइलचे दुकान, पेट्रोल पंप, लग्नसराईत कॅटरिंगमध्ये वाढपाचे काम, घरपोच जेवण पोचवणे, चौथी-पाचवीच्या पोरांच्या शिकवण्या, टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग. शहराबाहेर मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून एसटीने येणाऱ्यांच्या वाट्याला शेतातली पाळी आणि जनावरे असतात.

आता तासांचा हिशेब मांडू, कारण या विषयावर भावनेने खूप बोलले जाते आणि हिशेब कुणी करत नाही. नव्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्षाला ४० श्रेयांक आणि त्यासाठी १२०० तासांचा अभ्यास धरलेला आहे. यात तासिका, प्रात्यक्षिक, घरचे वाचन, लेखन सगळे येते. म्हणजे एका सत्राला ६०० तास. सत्रात अध्यापनाचे पंधरा आठवडे धरले तर आठवड्याला ४० तास. ही नियमाची स्वतःची अपेक्षा आहे, आपण वाढवून सांगितलेली नाही. आता एक उदाहरण घेऊ. सकाळचे कॉलेज करून दुपारी दोन ते रात्री आठ कामावर असणारा मुलगा आठवड्यातले सहा दिवस, म्हणजे ३६ तास काम करतो. तो शहराबाहेर कुंभारीच्या रे नगर वसाहतीत राहत असेल, किंवा मोहोळहून येत असेल, तर जाण्यायेण्यात रोजचे दोन तास सहज जातात. शहर बससेवा इतकी खिळखिळी झाली आहे की हा अंदाज सौम्यच म्हणावा लागेल. त्याचे आठवड्याला १२ तास. अभ्यास, काम आणि प्रवास मिळून ८८. रोजची सात तास झोप म्हणजे ४९. आठवड्याच्या १६८ तासांतले १३७ असे संपतात. उरले ३१, म्हणजे दिवसाला साडेचार तासही नाहीत. त्यातच आंघोळ, जेवण, दळण, दवाखाना, आणि ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तिथे पाणी आले की हातचे सगळे टाकून ते भरणे. कागदावर हा आठवडा बसतो. पण त्यात एक बस चुकली, आईला ताप आला, मालकाने दोन तास जास्त थांबवले, की पहिली कात्री कशाला लागते? ४० तासांच्या अभ्यासाला. मालक पगार कापतो, एसटी थांबत नाही, पोट थांबत नाही. नमते घेऊ शकते ते एकटे कॉलेज. आणि कॉलेजने नमते घेतले तर ते अधिकृत नसल्यामुळे त्याची किंमत पुन्हा विद्यार्थ्यालाच ७५ टक्के हजेरीच्या यादीत चुकवावी लागते.

या हिशेबाचा परिणाम हजेरीच्याही फार आधी, प्रवेशाच्या वेळीच सुरू होतो. अनेक कॉलेजांत कला आणि वाणिज्यचे वर्ग सकाळी भरतात आणि दुपारपर्यंत मोकळे होतात. विज्ञानाची प्रात्यक्षिके दुपारी उशिरापर्यंत चालतात. ज्याला दुपारी कामावर जायचे आहे तो विज्ञान घेऊच शकत नाही, त्याला रसायनशास्त्र कितीही आवडो. बारावीला चांगले गुण मिळवलेला मुलगा बी.कॉम.ला का गेला, असे आपण विचारतो आणि आवड, कल, समुपदेशन यांवर भाषणे करतो. पुष्कळदा खरे उत्तर भिंतीवरच्या वेळापत्रकात असते. एखाद्या शहरात गरिबाच्या मुलाची ज्ञानशाखा तासिकांच्या वेळेवरून ठरत असेल, तर ते त्या शहराचे मोठे नुकसान आहे. यासाठी प्रात्यक्षिकाची एक तुकडी सकाळी घेण्याची सोय करणेसुद्धा आजवर आपल्याला तातडीचे वाटलेले नाही, याची मला खंत वाटते.

तरीही हे विद्यार्थी टिकतात, पदवी घेतात. ते कशाच्या बळावर, हे नीट पाहिले पाहिजे. ते मित्रांच्या बळावर टिकतात. वर्गात बसलेली एक मैत्रीण फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकते. दुसरा जण परीक्षा अर्जाची शेवटची तारीख आहे म्हणून मित्राचा पासवर्ड घेऊन अर्ज भरतो. तिसरा जर्नल आणून देतो, चौथा कारखान्यापासून परीक्षा केंद्रापर्यंत गाडीवर सोडतो, पाचवा फीला कमी पडलेले पाचशे रुपये महिनाअखेरपर्यंत देतो. कट्ट्यावरच्या चहाला आपण टवाळी समजतो. या मुलांसाठी तो चहा म्हणजे अख्ख्या आठवड्याची जुळवाजुळव असते. संस्थेने जी सोय करायला हवी ती सोय वीस वर्षांची मुले आपसांत, बिनबोभाट करतात. खोटी हजेरी लावण्याचा प्रकारही यातूनच येतो. तो चूकच आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण शिक्षकांनी त्यातून फक्त लबाडी वाचू नये. दिवसच बसत नाही, असे त्यातून विद्यार्थी सांगत असतो. या व्यवस्थेत सर्वांत मोठा अन्याय होतो तो ज्याला मित्र जोडायलाच वेळ मिळत नाही त्याच्यावर. एसटीचा पास काढून येणारी खेड्यातली मुलगी शेवटचा तास संपताच स्टँड गाठते. राज्य सरकार तिच्या भाड्याचा दोन तृतीयांश भार उचलते, ही चांगली गोष्ट आहे, पण तिला कट्ट्यावर बसायला अर्धा तास देत नाही. कट्टा नाही म्हणून मैत्रीण नाही, मैत्रीण नाही म्हणून नोट्स नाहीत, आणि सूचना फलकावरची बदललेली तारीख तिला दोन दिवस उशिरा कळते. ज्याच्याकडे वेळ त्याच्याकडे मित्र, आणि ज्याच्याकडे मित्र तोच तरतो, अशी ही साखळी आहे. मैत्रीवर सोपवलेली व्यवस्था कितीही जिव्हाळ्याची असली, तरी ती न्याय्य नसते.

आपल्याकडे या प्रश्नाची उत्तरे पूर्वी शोधली गेली आहेत, म्हणूनच आजची बेपर्वाई जास्त खुपते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभे केले. तिथे ‘कमवा आणि शिका’ हा कॉलेजचा पायाच होता. विद्यार्थ्याचे काम संस्थेच्या डोळ्यांसमोर, संस्थेच्या शेतात आणि बांधकामावर चाले. त्याचा वेळ संस्थेच्याच वेळापत्रकात बसवलेला असे, आणि ते काम केल्याची लाज कुणाला वाटू नये एवढी प्रतिष्ठा त्याला दिलेली असे. मुंबईत बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग भरवले. दोन्ही ठिकाणी विचाराची दिशा एकच होती. विद्यार्थी कोण आहे, तो पोट कसे भरतो, हे आधी पाहायचे आणि मग घड्याळ लावायचे. सकाळच्या सत्राचा मूळ हेतू नोकरदार विद्यार्थी हा होता, हे आज सकाळचे सत्र चालवणाऱ्या किती संस्थांना आठवते? आता सकाळी तास असतात ते बऱ्याचदा इमारत अपुरी पडते म्हणून, आणि दुपारी अचानक ‘जादा तास’ ठेवताना कुणी कामावर जात असेल हा विचार कुणाच्या मनात येत नाही.

‘कमवा व शिका’ योजना आजही विद्यापीठांत आणि कॉलेजांत आहे. ग्रंथालयात पुस्तके लावणे, कार्यालयात नोंदी करणे, बागेची निगा अशी कामे ताशी मोबदल्यावर दिली जातात. योजना चांगली आहे आणि तिचा विस्तार व्हावा. पण मोजक्या विद्यार्थ्यांना रोजचे दोन-तीन तास देऊन तिचा जीव संपतो. कॉलेजच्या फाटकाबाहेर काम करणाऱ्या प्रचंड संख्येला ती स्पर्शही करत नाही. सरकारच्या योजनांतही हीच फट आहे. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिन्याला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार, पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन, आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव. पण ज्याचे शिक्षण चालू आहे तो तिच्यात बसत नाही. म्हणजे शिकायचे सोडा, मग कामाला मदत करू; नाहीतर शिका, आणि काम करत असाल तर ते आम्हाला माहीत नाही. एकाच माणसाचे शिकणारा आणि राबणारा असे दोन तुकडे करून शासन दोन वेगळ्या खात्यांकडे पाठवते. महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, त्रुटी आणि लांबणारे हप्ते या मधल्या काळात घर चालवायला विद्यार्थी काय करतो, हा प्रश्न कुठल्याच खात्याचा होत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने ही दुफळी मिटवायची संधी दिली आहे आणि ती आपण वाया घालवत आहोत. पदवीच्या अभ्यासक्रमात आता कार्यप्रशिक्षणाला ४ श्रेयांक आहेत. श्रेयांकाला ३० तास धरले तर १२० तासांचे काम. आता टॉवेलच्या कारखान्यात तीन वर्षे काम करणाऱ्या बी.कॉम.च्या मुलाचा विचार करा. माल डझनावर मोजणे, टॉवेलचे वजन तपासणे, बीजक तयार करणे, पन्नास हजारांवरचा माल हैदराबादला पाठवायचा तर ई-वे बिल काढणे, व्यापाऱ्याची उधारी वहीत आणि संगणकावर दोन्हीकडे लावणे हे सगळे तो जाणतो. जीएसटीचा जो तक्ता वर्गात पाठ करून घेतला जातो, तो त्याने हाताने शेकडो वेळा भरला आहे. पण तिसऱ्या वर्षी कार्यप्रशिक्षणाचे पत्र हातात पडले की तो ओळखीच्या कर सल्लागाराच्या कार्यालयात फेऱ्या मारून प्रमाणपत्र मिळवायला जातो. कारण त्याचे खरे काम ‘प्रशिक्षण’ या चौकटीत कसे दाखवायचे ते कुणी सांगितलेले नसते. आणि तेवढ्या दिवसांचा पगार तो गमावतो. ज्या मुलाला काम शिकवायची गरज नाही त्याला कामाचे नाटक करायला लावणे, आणि ज्याला खरोखर कामाचा अनुभव हवा आहे त्यालाही त्याच प्रमाणपत्रावर सोडणे, यात कुणाचेही शिक्षण होत नाही. श्रेयांक आराखडा अनुभवातून आलेल्या शिक्षणाला श्रेयांक देता येतील असे तत्त्वतः मान्य करतो. ते सोलापुरात कारखान्याच्या दारापर्यंत न्यायचे काम मात्र कुणी हाती घेतलेले नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. ही मुले घरासाठी थोडीच काम करतात. मोबाइल, गाडी आणि कपडे यांसाठी करतात. काही अंशी ते खरे आहे आणि ते कबूल करायला हरकत नाही. पण जरा खोलात गेले की हा आक्षेप टिकत नाही. आज परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ती, निकाल, नोट्स, वर्गाची सूचना सगळे मोबाइलवर येते. बससेवा खिळखिळी झालेल्या शहरात कुंभारीहून कॉलेजला यायला गाडी चैनीची राहत नाही. आणि समजा, एखाद्याने पहिल्या पगारातून खरोखरच बूट घेतले. डॉक्टरच्या मुलाला ते वडिलांनी घेऊन दिले तर आपण त्याच्या अभ्यासाविषयी शंका घेत नाही. स्वतःच्या कष्टाच्या पैशाने घेणाऱ्याकडूनच संन्यासाची अपेक्षा का करावी? मुलगा कशासाठी कमावतो हे तपासायचा अधिकार कॉलेजला नाही. त्याचा दिवस कसा जातो हे जाणून घेण्याची जबाबदारी मात्र आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कामाने अभ्यास बुडतो, मग कॉलेजने त्याला मान्यता का द्यावी? इथे तासांच्या संख्येवर सगळे अवलंबून आहे. अमेरिकेत १९६४ पासून सरकारी मदतीने विद्यार्थ्यांना काम देण्याची व्यवस्था आहे आणि या विषयावर तिथे पुष्कळ अभ्यास झाले आहेत. त्यांचा ढोबळ सूर असा की मर्यादित काम, विशेषतः कॉलेजच्या आवारातले, अभ्यासाला मारक ठरत नाही. आठवड्याला वीस तासांच्या पुढे गेले की गुण घसरू लागतात आणि शिक्षण सोडण्याचा धोका वाढतो. परदेशी विद्यार्थ्यांच्या कामाला तर अनेक देशांनी आकडाच लावला आहे. ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, कॅनडात २४, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८. सोलापूरहून परदेशी गेलेला मुलगा तिथे हॉटेलात भांडी घासतो, तेव्हा घरचे अभिमानाने सांगतात की पोरगा स्वतःच्या पायावर शिकतोय. तोच मुलगा इथे सोलापुरात सात रस्त्याच्या हॉटेलात वाढताना दिसला तर नातेवाइकांना तोंड दाखवायची चोरी होते. तिकडे कामाला नाव, मर्यादा आणि किमान मजुरी आहे. इकडे तेच काम अंधारात असल्यामुळे त्याला मर्यादाच नाही. काम मान्य केले तर ते वाढेल ही भीती उलटी आहे. जे मोजले जात नाही तेच बेसुमार वाढते. वीस तासांची मर्यादा घालायची असेल तर आधी ते तास कुठेतरी लिहावे लागतील. आणि ज्याचे पस्तीस-चाळीस तास भरतात, त्याला दटावून उपयोग नाही. त्याला शिष्यवृत्ती, फीमध्ये सवलत किंवा आवारातले काम आधी मिळाले पाहिजे, म्हणजे बाहेरचे तास तो आपोआप कमी करील.

काही प्राध्यापक म्हणतात, नोकरी करणाऱ्यांसाठी १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच, तिकडे जावे. मुक्त विद्यापीठाने लाखो लोकांना शिक्षणात परत आणले आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण अठरा वर्षांच्या मुलाला केवळ तो गरीब आहे म्हणून वर्गाबाहेर पाठवणे वेगळे. त्याच्याकडून प्रयोगशाळा जाते, ग्रंथालय जाते, वादविवाद जातो, शिक्षकाची रोजची नजर जाते आणि मित्र जातात. तरुण वयात विचार घडतो तो बरोबरीच्या मुलांशी भांडताना, आणि ती बरोबरी सगळ्या थरांतल्या मुलांची असली तरच कॉलेजला काही अर्थ आहे. कमावणारे एकीकडे आणि न कमावणारे दुसरीकडे अशी विभागणी झाली तर नुकसान दुसऱ्यांचेही होईल. हजेरीची शिस्त सैल होईल आणि पदव्या वाटल्या जातील, ही भीतीही व्यक्त होते. मी शिस्त सैल करा म्हणत नाही. सत्र सुरू होण्यापूर्वी पक्के वेळापत्रक जाहीर करणे, तासिका सलग ठेवणे, मध्ये दोन तासांची पोकळी न ठेवणे आणि जाहीर वेळ न बदलणे ही शिस्त आधी संस्थेने पाळायची आहे. त्यानंतर ७५ टक्के हजेरी मागण्याचा नैतिक अधिकार तिला पुरता मिळेल. शिक्षकांची अडचणही मी नाकारत नाही. कितीतरी कॉलेजांत तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक ताशी मानधनावर राबतात, दोन-दोन कॉलेजे करतात. खरे तर कमावत्या विद्यार्थ्याचा आठवडा सर्वांत चांगला त्यांनाच कळायला हवा, कारण तो त्यांचाही आठवडा आहे.

मालक याचा फायदा घेतील, श्रेयांकाच्या नावाखाली फुकट राबवून घेतील, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि त्यावर अट घालूनच पुढे जावे लागेल. ज्या कामाला किमान वेतनाप्रमाणे मजुरी मिळते, जिथे कामाच्या वेळा लेखी आहेत आणि जिथे एक शिक्षक सत्रातून एकदा तरी जाऊन पाहतो, त्याच कामाला श्रेयांक द्यावा. छोट्या मालकांना हे जड जाईल असे म्हटले जाते. पण सोलापूरच्या टॉवेल आणि गणवेश उद्योगालाच शिकलेले हात हवे आहेत. पदवी हातात पडताच तरुण पुण्याची गाडी पकडतात ही या शहराची जुनी व्यथा आहे. विद्यार्थी म्हणून ज्याला सन्मानाने वागवले, लेखी कागद दिला, परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी दिली, तो मुलगा इथे थांबण्याची शक्यता वाढते.

मुलींचे काम या सगळ्या चर्चेतून सहज निसटते, म्हणून त्यावर वेगळे बोलले पाहिजे. विडीची मजुरी हजारावर मिळते. कार्ड आईच्या नावावर असते, भविष्यनिर्वाह निधी आईचा असतो. पण तो हजाराचा आकडा संध्याकाळपर्यंत पुरा व्हायचा तर कॉलेजातून आलेली मुलगी सूप मांडीवर घेऊन बसते, पान कापते, तंबाखू भरते, दोरा गुंडाळते. तिला विचारले, ‘तू नोकरी करतेस का?’ तर ती मनापासून ‘नाही’ म्हणेल. शिवाय स्वयंपाक, पाणी, धाकटी भावंडे. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, पण ती आईच्या कामाकडे पाहून दिली जाते. मुलीच्या स्वतःच्या तासांची तिथे दखल नाही. कामाची नोंद फक्त दुकान आणि कारखान्यापुरती ठेवली तर निम्मा वर्ग पुन्हा नोंदीबाहेर राहील. म्हणून विद्यार्थ्याला ‘नोकरी कुठे करतोस’ असे न विचारता ‘तुझे आठवड्याचे किती तास घरच्या आणि बाहेरच्या कामात जातात’ असे विचारावे लागेल. या मुलींना श्रेयांकापेक्षा एक शांत जागा जास्त हवी आहे. रात्री नऊपर्यंत उघडी, पूर्वभागात चालत जाता येईल अशी अभ्यासिका, आणि तिथून परत यायला सुरक्षित रस्ता.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झाले ते एकाच जिल्ह्यासाठी. लहान विद्यापीठ म्हणून त्याच्याकडे कमीपणाने पाहिले गेले. या प्रश्नापुरते मात्र त्याचे लहानपण ही फार मोठी सोय आहे. शंभराच्या घरातली महाविद्यालये, एक जिल्हा, ओळखीचे उद्योग, एसटीचे माहीत असलेले मार्ग. मुंबई किंवा पुण्याच्या विद्यापीठाला जे अवघड आहे ते इथे एका शैक्षणिक वर्षात करून पाहता येईल. कुलगुरू, प्राचार्य आणि अधिसभेचे सदस्य यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की समिती नेमून अहवालाची वाट पाहू नका. येत्या जूनच्या प्रवेश अर्जात कामाच्या साप्ताहिक तासांचा एक रकाना घाला, तो भरल्याने कुणाचे नुकसान होणार नाही अशी लेखी हमी त्याच अर्जावर छापा, आणि जमलेली माहिती हातात घेऊन जुलैचे वेळापत्रक करा.